गॅसचा आठवडा, विजेचा आठवडा

रेन्स्केला थंडी वाजत होती. आता यात सांगण्यासारखं ते काय, जानेवारी महिना, डच मुलखात ग्रोनिंगेन शहराच्या वर समुद्राच्या बांधाला टेकलेलं गाव, त्यात पूर्वेचा वारा. थंडी कुणाला वाजत नाही? पण रेन्स्केला ती घरात वाजायची, आणि लग्न झाल्यापासून वाजत होती. चव्वेचाळीस वर्षं झाली त्याला. बैठकीच्या खोलीत भिंतीवर थर्मोस्टॅटची, म्हणजे घर किती तापवायचं ते ठरवणारी चकती होती आणि तिचा काटा सतरा अंशांवर होता. मूल झालं, पडदे बदलले, घर तापवणारा गॅसचा बॉयलर तीनदा बदलला, काटा मात्र सतरावरच राहिला. तो तिथे ठेवला होता तिच्या नवऱ्याने, हार्मने.

मग बाई बोलायची नाही का, असं कुणी विचारेल. त्या मुलखात नाही बोलत. ‘मला थंडी वाजते’ असं म्हणणाऱ्याला तिथे एकच उत्तर मिळतं: स्वेटर कपाटात आहे. आणि बायको साडेतीन तास नटून खाली आली तरी नवरा म्हणणार, ‘चालेल.’ चालेल म्हणजे उत्तम, बरं आहे म्हणजे अप्रतिम, आणि त्याहून जास्त काही म्हणायची वेळ आली तर माणसं खिडकीबाहेर बघतात. रेन्स्केने कपाटातला स्वेटर घातला, त्यावर दुसरा घातला, आणि चव्वेचाळीस वर्षं ब्र काढला नाही.

हार्म माणूस वाईट नव्हता. उलट चांगला होता, म्हणून तर पंचाईत. जन्मभर त्याने गॅसचे पाइप टाकले होते. आसपासच्या खेड्यांत असं घर नव्हतं ज्याच्या पायरीखाली हार्मच्या हातचा सांधा नाही. रस्त्याने चालताना तो घरांकडे बघायचाच नाही, जमिनीकडे बघत चालायचा आणि म्हणायचा, ‘इथे वळण आहे.’ गॅस हा त्याचा धर्म होता. रेन्स्केला वाटायचं, ज्याने अख्ख्या जिल्ह्याला ऊब दिली त्याने स्वतःच्या बायकोच्या वाट्याला सतराच द्यावेत! पण ही तक्रार ती मनातच करायची आणि हातावर हात चोळायची.

मग बागेत पंप आला. जमिनीतून गॅस उपसून उपसून त्या भागात धरणी हलायला लागली होती, भिंतींना तडे गेले होते, आणि सरकार घरं भक्कम करून देत होतं. त्याच धामधुमीत येल्मरने, म्हणजे त्यांच्या मुलाने, विजेवर चालणारा हीट पंप बसवून घेतला. येल्मर आसेनला राहायचा आणि घरं तापवण्याचीच कामं करायचा; पण बापाने गॅसची केलेली, आणि पोराने गॅस काढून टाकायची. जुना बॉयलर काढला नव्हता. बागेत पंप, तळघरात बॉयलर, एक बटण दाबलं की हा, दुसरं दाबलं की तो. हार्मने सही केली कारण पैसे सरकारचे होते. पंप मात्र त्याने एकदाही चालू केला नाही. त्याच्यावर कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी अडकवून ठेवली.

एका रविवारी येल्मर कॉफीला आला आणि त्याने ती पिशवी बघितली.

“बाबा, तो पंप शोभेला ठेवलाय का?”

“शोभेला कशाला? कपडे वाळत घालताना उपयोगी पडतो. उंची अगदी बरोबर आहे.”

“अहो, विजेवर हेच घर जवळजवळ निम्म्या खर्चात तापेल.”

“विजेचं युनिट गॅसच्या दुप्पट महाग आहे,” हार्म म्हणाला. “मला शिकवू नकोस. तुझ्या दुधाच्या बाटल्या गॅसवर तापल्यात.”

“दुप्पट महाग आहे, कबूल. पण पंप एक युनिट खातो आणि तीन-चार युनिटांची ऊब देतो.”

“बाकीची कुठून आणतो?”

“बाहेरच्या हवेतून.”

हार्मने खिडकीतून बाहेर बघितलं. पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं गोठलं होतं आणि त्यात एक पान अडकलं होतं.

“त्या हवेतून?”

“त्याच.”

“त्या हवेत ऊब असती तर चिमण्या तिथेच नसत्या का बसल्या? सगळ्या वर आपल्या धुरांड्याला चिकटून बसल्यात. चिमण्यांना कळतं ते तुमच्या कंपनीला कळत नाही.”

रेन्स्केने बिस्किटांचा डबा पुढे केला. दोघांनी एकेक घेतलं आणि तिने झाकण लावलं. कॉफीबरोबर एक बिस्कीट, मग डबा बंद. हे काही तिने ठरवलेलं नव्हतं, ते तसंच असतं.

“मग करून बघू,” येल्मर म्हणाला. “हाताच्या कांकणाला आरसा कशाला? एक आठवडा फक्त गॅस, एक आठवडा फक्त वीज. काटा दोन्ही वेळी सतरावर, कुणी हात लावायचा नाही. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी मी येतो आणि मीटरचे आकडे मांडतो. फक्त मध्येच ओव्हन लावून बसू नका, आणि घरात गर्दी जमवू नका. एक माणूस म्हणजे एक छोटी शेगडीच असते. चार माणसं बसली की आकडे बिघडतात.”

“मान्य,” हार्म म्हणाला. गॅस हरेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“आणि वीज स्वस्त पडली, तर आज जितके पैसे जातात तितक्यातच तुम्हाला वीसवर ठेवता येईल.”

“वीसवर?” हार्म हसला. “तुझी आई गुदमरून जाईल.”

रेन्स्के कप उचलत होती. तिचे हात थांबले. बघा याचा कावा, तिला वाटलं. कंजूषपणा स्वतःचा आणि पांघरूण माझ्या नावाचं! पण येल्मरचं ते वाक्य तिच्या कानात रुतून बसलं. त्याच पैशात वीस. म्हणजे कुणाला काही बोलावं लागणार नाही, कुणापाशी तोंड वेंगाडावं लागणार नाही. वीज जिंकली की येल्मर स्वतःच्या हाताने काटा फिरवेल आणि हार्मला नाही म्हणायला जागा उरणार नाही. फक्त वीज जिंकायला हवी. आणि थोडीथोडकी नाही, सणसणीत जिंकायला हवी. रेन्स्के चर्चच्या गायनमंडळात दुसऱ्या रांगेत उभी राहणारी सरळ बाई. जन्मात तिने पत्त्यातसुद्धा लबाडी केली नव्हती. त्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता तिने ठरवलं की आता करायची.

पहिला आठवडा गॅसचा. तिथे तिला फार काही करावं लागलं नाही, कारण खिडक्या ती रोज उघडायचीच. त्या रस्त्यावरची प्रत्येक बाई उघडायची. सकाळी उठलं की वरच्या मजल्याच्या खिडक्या सताड, गाद्या-पांघरुणं चौकटीवर टाकलेली, पुढून मागे वारा खेळता. मग बर्फ पडो की गारा. रेन्स्केची आई म्हणायची, बंद खिडकीमागे आळशी बाई असते. समोर राहणाऱ्या डोर्नबोसबाई आठच्या आत उघडायच्या आणि मग रस्त्यावर कुणाची कधी उघडते ते बघत उभ्या राहायच्या. रेन्स्के तासाभराने खिडक्या लावून घ्यायची आणि नंतर दुपारपर्यंत कुडकुडायची. गॅसच्या आठवड्यात तिने त्या दुपारपर्यंत लावल्याच नाहीत. शिवाय न्हाणीघराची खिडकी बोटभर उघडी ठेवली, रात्रंदिवस. बॉयलर बिचारा तळघरात धापा टाकत होता, आणि रेन्स्के हार्मचे जुने लोकरी मोजे गुडघ्यापर्यंत चढवून त्याचा आवाज समाधानाने ऐकत होती.

पण नवल असं की आठवडाभर घर जितकं गार पडायला हवं त्याहून जास्त गार पडलं. मंगळवारी ती गायनाच्या सरावाहून परत आली तर खोलीत तिच्या तोंडातून वाफ निघायची तेवढी बाकी होती. हार्म खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसला होता. त्याची बोटं निळसर दिसत होती.

“हवा छान आहे ना?” हार्म म्हणाला.

“चालेल,” रेन्स्के म्हणाली आणि तिसरा स्वेटर आणायला गेली.

दुसरा आठवडा विजेचा, आणि त्याच आठवड्यात शनिवारी रेन्स्केला सत्तर पूर्ण होत होते. एरवी ती वाढदिवसाला टाळाटाळ करायची. या वर्षी सोमवारीच ती फोनपाशी बसली.

“बोलावतेस कुणाला?” हार्मने विचारलं.

“सगळ्यांना.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांना. सत्तर एकदाच होतात.” आणि जरा थांबून ती म्हणाली, “गायनमंडळ बुधवारी येईल. शनिवारी एवढे मावणार नाहीत.”

हार्मने बोटांवर माणसं मोजली. पण येल्मरने लावलेल्या अटी ही शेवटी त्याच्या बायकोच्या सत्तरीपेक्षा मोठी गोष्ट नव्हती, आणि वाढदिवस नको म्हणणारा नवरा त्या गावात अजून जन्माला यायचा आहे. बुधवारी गायनमंडळ आलं आणि दोन तास छातीभरून गायलं. त्याशिवाय रेन्स्केने वाटाण्याचं घट्ट सूप करायला घेतलं. ते सूप तिथे हिवाळ्यात करतातच, चमचा उभा राहील असं. पण रेन्स्केचे वाटाणे त्या आठवड्यात काही केल्या शिजेनात. रोज सकाळी पातेलं चढायचं ते दुपारपर्यंत रटरटायचं. स्वयंपाकघराचं दार ती उघडं ठेवायची.

शनिवारी बैठकीची खोली खुर्च्यांनी भरली. घरातल्या खुर्च्या, डोर्नबोसबाईंच्या खुर्च्या, चर्चच्या सभागृहातून आणलेल्या घडीच्या खुर्च्या, सगळ्या भिंतीला पाठ लावून गोल. येणारा प्रत्येक जण आधी रेन्स्केचं अभिनंदन करायचा, मग हार्मचं बायकोच्या वाढदिवसाबद्दल, मग येल्मरचं आईच्या वाढदिवसाबद्दल, आणि मग गोलात बसलेल्या एकेकाचा हात हातात घेऊन त्याचंही, अगदी डोर्नबोसबाईंचं शेजारणीच्या वाढदिवसाबद्दल. एकदा बसलं की उठायचं नाही. कॉफी आली, सफरचंदाचा केक आला, एकेक तुकडा. पाहुण्यांनी तो खाल्ला, बशा गुडघ्यांवर ठेवल्या आणि हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. येल्मर मात्र माणसं मोजत होता आणि त्याचा चेहरा पडत चालला होता.

तेवढ्यात रेन्स्के स्वयंपाकघरातून पुन्हा केक घेऊन आली.

“आणखी एकेक घ्या,” ती म्हणाली.

दुसरा तुकडा? डोर्नबोसबाईंनी बशी छातीशी धरली. हार्मच्या चुलतभावाने बायकोकडे बघितलं, बायकोने खाली बघितलं. हार्मची थोरली बहीण तिनेके जवळ बसली होती, तिने रेन्स्केचा हात धरला आणि हळूच विचारलं, “अगं, डॉक्टरकडे गेली होतीस का? काही म्हणाले का?”

“काही नाही म्हणाले. केक उरलाय. बसा सगळे, घाई काय आहे?”

घाई नव्हतीच. माणसं बसली आणि खोली तापत गेली. खिडक्यांवर वाफ धरली. आधी कोट निघाले, मग जाकिटं निघाली. आणि मग रेन्स्केने बघितलं, हार्मने स्वेटर काढला. तो खुर्चीत नुसत्या सदऱ्यावर पाय पसरून बसला होता, त्याचे कान गुलाबी झाले होते, आणि तो बोलत होता. हार्म, जो हिवाळ्यात ‘हो’ आणि ‘बघू’ यावर मार्चपर्यंत दिवस काढायचा, तो हातवारे करून एका पाइपाची गोष्ट सांगत होता जो म्हणे चुकून धर्मगुरूच्या न्हाणीघरातून निघाला. लोक हसत होते. तो स्वतः डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. असा हसणारा हार्म रेन्स्केने शेवटचा कधी पाहिला होता तिला आठवेना.

“बघितलंस?” तिनेके म्हणाली. “ऊब मिळाली की आमचा हार्म माणसात येतो. लहानपणापासून असाच. शेगडीपाशी मांजर झोपलेलं असायचं, तर हा मांजराला उठवून त्याच्या जागी बसायचा. आई म्हणायची, या पोराचं लग्न एखाद्या बेकरीवाल्याच्या मुलीशी लावा.”

“हार्म?” रेन्स्के म्हणाली. “हार्मला थंडी वाजते?”

“म्हणजे काय? तुला माहीत नाही? त्याच्याएवढा थंडीला भिणारा माणूस आमच्या घराण्यात दुसरा नाही.” तिनेकेने आवाज खाली आणला. “पण गडी कधी बोलला नाही हो. मीच एकदा म्हटलं, अरे वाढव की काटा, तर म्हणाला, नको, रेन्स्केला गारवा लागतो.”

रेन्स्केने हातातला केक बशीत ठेवला. तिने कॉफी प्यायली, ती गार झाली होती. समोर हार्म गुलाबी कानांनी दुसरी गोष्ट सुरू करत होता. त्यानंतर कोण काय बोललं ते तिला कळलं नाही. जी माणसं बसवून ठेवायला तिने दुसरा तुकडा वाटला होता ती कधी एकदा उठतात असं तिला झालं.

जेवणाच्या वेळेआधी सगळे उठले. हात हातात घेऊन झाले, खुर्च्यांच्या घड्या झाल्या, येल्मरही ‘उद्या येतो, आकडे बघायला’ असं काहीशा कडू आवाजात म्हणून गेला. दार लागलं. हार्मने खोलीभर नजर टाकली, एक सुस्कारा सोडला, खुर्चीवरचा स्वेटर उचलून अंगात घातला आणि पुढच्या खिडकीकडे गेला.

“फार गदमदलं असेल ना तुला,” तो म्हणाला. “थांब, उघडतो.”

“उघडू नकोस!”

रेन्स्के इतकी ओरडली की हार्मचा हात कडीवरच राहिला. त्या घरात कुणी ओरडत नसे.

“मला थंडी वाजते,” रेन्स्के म्हणाली. “हार्म, मला थंडी वाजते. आपलं लग्न झाल्यापासून वाजते. आज पहिल्यांदा माझे पाय गरम झालेत आणि तू खिडकी उघडतोयस.”

हार्म वळला. त्याला काही कळत नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“तुला थंडी वाजते? मग खिडक्या? रोज सकाळी सगळ्या खिडक्या कोण उघडतं?”

“त्या उघडाव्याच लागतात! समोर डोर्नबोसबाई उभ्या असतात. खिडकी बंद ठेवली तर लोक काय म्हणतील? माझी आई काय म्हणाली असती?”

“म्हणजे तुला आवडत नाही गारवा?”

“गारवा कुणाला आवडतो? मी काय मासळी आहे?”

हार्म हळूच खुर्चीत बसला.

“पहिल्या हिवाळ्यात मी काटा एकवीसवर ठेवला होता,” तो म्हणाला. “म्हटलं, नवी नवरी येतेय, गॅसवाल्याचं घर आहे, ऊब तरी असू दे. तू पहिल्याच सकाळी उठलीस आणि सगळ्या खिडक्या उघडल्यास. मला वाटलं, पोरीचा जीव गुदमरला. वीसवर आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडल्यास. एकोणीस केला. तरी उघडायचीस. सतरावर आणला तेव्हा तू एक स्वेटर घातलास आणि चेहरा शांत केलास. मला वाटलं, आता हिला बरं वाटतंय.”

“मला वाटलं, तुला पैसे वाचवायचेत,” रेन्स्के म्हणाली. “म्हणून गप्प बसले.”

“माझे गुडघे दुखतात गं. दर हिवाळ्यात.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू का नाही बोललीस?”

रेन्स्केला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे त्या सगळ्या हिवाळ्यांची इतकी कीव येत होती की ती उभ्या उभ्या रडायला लागली. हार्म उठला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग दुसराही ठेवला, आणि या वेळी खिडकीबाहेर बघितलं नाही. त्याचेही डोळे भरले होते. मग दोघं मिळून थर्मोस्टॅटपाशी गेली. हार्मने काटा फिरवला. अठरा, एकोणीस, तिथे जन्माच्या सवयीने त्याचा हात अडला. रेन्स्केने त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि दोघांनी मिळून तो एकवीसवर नेला.

“वीज की गॅस?” हार्मने विचारलं.

“जे लवकर तापवेल ते.”

हार्मचा चेहरा उजळला. “लवकर म्हणशील तर गॅसच,” तो म्हणाला आणि विजेच्या आठवड्याला एक रात्र शिल्लक असताना बॉयलर पेटवायला तळघरात धावला. गुडघे दुखतात हे तो विसरला होता.

रविवारी येल्मर आला. दार उघडलं तसा आतून ऊबदार झोत त्याच्या तोंडावर आला. आई बिनबाह्यांच्या झग्यात बसली होती. बाबा सदऱ्याच्या बाह्या दुमडून पेपर वाचत होते.

“तुमचा बॉयलर बिघडलाय का?” येल्मरने विचारलं.

“बस,” हार्म म्हणाला. “आकडे सांग.”

येल्मरने फोन काढला. मीटरचे आकडे त्यात दिसायचे. त्याने ते दोनदा वरखाली सरकवून बघितले.

“काल रात्रीचा गोंधळ सोडून देतो. पण त्याआधीचंही काही जुळत नाही. वीज गॅसच्या पाव खर्चात पडलीय. जगातला कुठलाच पंप एवढं करत नाही. मी स्वतः बसवलाय, मला माहीत आहे.” त्याने मान वर केली. “तुम्ही काय केलंत?”

“मी थोडा वारा खेळवला,” रेन्स्के म्हणाली. “गॅसच्या आठवड्यात. दुपारपर्यंत. आणि न्हाणीघराची खिडकी.”

“आई!”

“आणि माणसं बोलावली. विजेच्या आठवड्यात. तूच म्हणालास, एक माणूस म्हणजे शेगडी.”

“ते नका करू म्हणून सांगितलं होतं!”

“सूप विसरतेस,” हार्म म्हणाला. “विजेच्या आठवड्यात रोज चार-चार तास वाटाणे शिजत होते. आणि शिजत होते कशावर? गॅसवर! मला काय वास येत नाही? बायको विजेला जिंकवायला माझाच गॅस वापरत होती.”

“मग बोलला का नाहीस तेव्हा?” रेन्स्केने विचारलं.

हार्मने पेपरची घडी केली. “कारण गॅसच्या आठवड्यात मी काटा सोळावर ठेवला होता,” तो म्हणाला. “तू सरावाला गेलीस की फिरवायचो. कधी कधी रात्रीही. खाई त्याला खवखवे.”

“तरीच!” रेन्स्के म्हणाली. “तरीच माझे दात वाजत होते!”

“माझे वाजत नव्हते का? पण गॅसची अब्रू होती.”

येल्मर आळीपाळीने दोघांकडे बघत होता. जन्मभर ज्यांनी त्याला खेळात लबाडी करायची नाही म्हणून शिकवलं ती ही माणसं. मग आईने त्याला सगळं सांगितलं. एकवीसवरून सतरावर काटा कसा उतरला, आणि का. ऐकता ऐकता तो खुर्चीत मागे रेलला. त्याचं सगळं बालपण त्या घरात दोन स्वेटर घालून गेलं होतं.

“म्हणजे मी पण?” तो म्हणाला. “तुमच्या दोघांच्या सभ्यपणापायी मी पण?”

“तू पण,” रेन्स्के म्हणाली आणि बिस्किटांचा डबा त्याच्यासमोर उघडा ठेवला.

“बरं, खरं सांग आता,” हार्म म्हणाला. “लबाडी वगळून. कोण स्वस्त?”

“या असल्या थंडीत पंप गॅसपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने स्वस्त पडेल. थंडी उतरली की आणखी. पण तो हळू तापवतो, सारखा चालू ठेवावा लागतो. बाहेरून गारठून आलात आणि पटकन ऊब हवी, तर बॉयलर.”

हार्मने विचार केला. “म्हणजे रोजची वीज आणि अडल्यानडल्याला गॅस.”

“हो.”

“चालेल,” हार्म म्हणाला, आणि त्याच्या तोंडून ते अप्रतिमच्या जवळपास होतं. मग तो उठला, बागेत गेला आणि पंपावरची चिमट्यांची पिशवी काढून आत घेऊन आला. परत येऊन बसला तरी त्याच्या कपाळावर आठी होती आणि ओठ हलत होते.

“आता काय मोजतोयस?” रेन्स्केने विचारलं.

“एकवीसऐवजी सतरा. दर वर्षीचा गॅस, त्या त्या वर्षीच्या भावाने. लग्नापासून.” ओठ आणखी थोडे हलले. “बारा-तेरा हजार युरो वाचवलेत आपण, रेन्स्के. कुडकुडून.”

“एवढे?”

“एवढे.”

रेन्स्के खिडकीकडे बघत बसली. काच बंद होती आणि तिच्या पायांना ऊब लागत होती. सत्तर वर्षांची बाई, आणि जन्मात पहिल्यांदा आपण श्रीमंत आहोत असं तिला वाटत होतं.

“मग ते आता जाळायचे,” ती म्हणाली. “एकवीसवर ठेवलं तर किती वर्षं पुरतील?”

हार्मने पुन्हा ओठ हलवले. गॅसवाला असला तरी हिशोबात तो विजेवरही अन्याय करणारा नव्हता.

“आपण दोघं पंचाण्णवच्या पुढे जाईपर्यंत.”

“पंचाण्णव?” रेन्स्के म्हणाली. “एवढं कोण थांबतंय? बावीस कर.”